चार पानांचा हुकूम

माणसं मारायची ठरली की सत्ताधारी बहुतेक वेळा कागद कोरा ठेवण्याची काळजी घेतात. तोंडी निरोप जातो, बैठकीच्या इतिवृत्तात ‘आवश्यक ती कार्यवाही’ असं काहीतरी मोघम येतं आणि पुढचं सगळं खालचे लोक समजून घेतात. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचा हिटलरच्या सहीचा लेखी हुकूम आजवर हाती लागलेला नाही. त्यामुळे मार्च १९४० मधला मॉस्कोतला एक कागद वेगळा उठून दिसतो. टंकलिखित चार पानं, क्रमांक ७९४/ब. पहिल्याच पानावर मजकुरावरून तिरक्या गेलेल्या चार सह्या : स्टालिन, वोरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान. समासात कारकुनी अक्षरात आणखी दोन नावं, कालिनिन आणि कागानोविच, आणि त्यांच्यापुढे ‘संमती’ असा शेरा. २५,७०० माणसांना गोळ्या घालायची परवानगी या कागदाने दिली. प्रत्यक्षात २१,८५७ मारली गेली. इतिहासात हे प्रकरण ‘कातिन’ या नावाने ओळखलं जातं.

ही माणसं स्टालिनच्या हाती लागली ती सप्टेंबर १९३९ मध्ये. त्याआधीच्या २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमणाचा करार केला होता आणि त्याच्या गुप्त पुरवणीत पोलंडची वाटणी उरकली होती. १ सप्टेंबरला हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून घुसलं, १७ तारखेला लाल सेना पूर्वेकडून. रशियनांशी शक्यतो लढू नका, असा आदेश पोलिश सरसेनापतींनी दिला होता. अनेक तुकड्यांनी शस्त्रं खाली ठेवली. साध्या शिपायांपैकी बऱ्याच जणांना सोडून दिलं गेलं, काहींना जर्मनांच्या हवाली केलं गेलं. अधिकारी आणि पोलीस मात्र वेगळे काढले गेले. युद्धकैदी खरं तर लष्कराच्या ताब्यात असायचे. पण १९ सप्टेंबरलाच गृहखात्याचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, प्रमुख लाव्रेन्ती बेरिया याने त्यांच्यासाठी आपल्या खात्यात एक नवा विभाग काढला आणि प्योत्र सोप्रुनेन्को याला त्याच्यावर बसवलं. कैदी लष्कराकडून गुप्त पोलिसांकडे गेले, तिथेच त्यांचं भवितव्य निम्मं ठरलं असं माझं मत आहे.

हे ‘अधिकारी’ कोण होते? पोलंडमध्ये उच्चशिक्षित तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेनंतर राखीव अधिकारी म्हणून नोंदवलं जाई. युद्ध सुरू होताच गणवेश चढवून हजर झाले ते दवाखान्यातले डॉक्टर, शाळामास्तर, वकील, इंजिनिअर, विद्यापीठातले प्राध्यापक. त्यामुळे कोझेल्स्क आणि स्तारोबेल्स्क इथल्या छावण्यांत एका देशाचा शिकलासवरलेला वर्गच कोंडला गेला. ओस्ताश्कोव्हच्या तिसऱ्या छावणीत मुख्यतः पोलीस, सीमारक्षक आणि तुरुंग कर्मचारी होते. तिन्ही छावण्या जुन्या मठांत होत्या. कोझेल्स्कजवळचा ऑप्तिना मठ तर रशियन साहित्याच्या वाचकांना परिचयाचा. लहानगा मुलगा गेल्यावर दोस्तोयेव्हस्की मनःशांतीसाठी १८७८ मध्ये तिथेच जाऊन राहिला होता.

त्या हिवाळ्यात छावण्यांमध्ये चौकशा चालल्या. प्रत्येक कैद्याची स्वतंत्र फाईल, फोटो, बोटांचे ठसे. घरी कोण आहे, कुठे राहतात, राजकीय मतं काय, सोव्हिएत व्यवस्थेबद्दल काय वाटतं. कैद्यांनी लपूनछपून प्रार्थना केल्या, एकमेकांना व्याख्यानं दिली, लाकूड कोरून सिगारेटच्या डब्या केल्या आणि त्यांवर छावणीचं नाव घातलं. या डब्या तीन वर्षांनी प्रेतांच्या खिशांत सापडल्या. नोव्हेंबरपासून महिन्याला एक पत्र घरी लिहायची मुभा मिळाली. पत्रांवर पत्ते असत आणि ते पत्ते वाचणारे घरचेच तेवढे नव्हते.

फेब्रुवारी १९४० पर्यंत या सगळ्यांना मारायचंच असं ठरलेलं दिसत नाही. फिनलंडशी युद्ध चालू होतं, नव्या कैद्यांसाठी जागा हवी होती आणि खुद्द सोप्रुनेन्कोने आजारी, वयस्क आणि काही राखीव अधिकाऱ्यांना घरी पाठवावं असं सुचवलं होतं. ओस्ताश्कोव्हच्या काही कैद्यांना सक्तमजुरीच्या शिक्षाही होत होत्या. काही आठवड्यांत वारं फिरलं. त्यामागची पार्श्वभूमी मात्र जुनी होती. १९२० च्या युद्धात पोलंडने लाल सेनेला वॉर्सोच्या वेशीवरून परतवलं होतं, आणि त्या मोहिमेत स्टालिन स्वतः दक्षिणेकडच्या आघाडीवर होता. १९३७-३८ मध्ये सोव्हिएत हद्दीतल्या पोलिश लोकांविरुद्ध हेरगिरीच्या संशयावरून ‘पोलिश मोहीम’ राबवली गेली, तेव्हा तिच्यात १,११,०९१ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे यंत्रणेच्या हाताला हे काम नवीन नव्हतं.

तो चार पानी कागद म्हणजे बेरियाने स्टालिनला धाडलेलं टिपण. त्याची भाषा एखाद्या गोदामाच्या हिशेबासारखी आहे. छावण्यांत एकूण इतके, त्यांत जनरल इतके, कर्नल इतके, पोलीस इतके. तुरुंगांत इतके, त्यांतले पोलिश इतके. मग निष्कर्ष : हे सगळे सोव्हिएत सत्तेचे कट्टर, न सुधारणारे शत्रू आहेत, सुटका झाली की लढायची वाट पाहताहेत. मग प्रस्ताव : छावण्यांतले १४,७०० आणि पश्चिम युक्रेन व पश्चिम बेलारूसच्या तुरुंगांतले ११,००० यांची प्रकरणं ‘विशेष पद्धतीने’ चालवावीत आणि त्यांना सर्वोच्च शिक्षा द्यावी, गोळी घालून. आरोपीला समोर बोलावायचं नाही. आरोपपत्र द्यायचं नाही. चौकशी संपल्याचंही कळवायचं नाही. निर्णय तिघांनी द्यायचा. मसुद्यात या तिघांत बेरियाचं स्वतःचं नाव होतं. ते खोडून वर हाताने ‘कोबुलोव्ह’ लिहिलेलं आहे. मेर्कुलोव्ह, कोबुलोव्ह, बश्ताकोव्ह असं बेरियाच्याच खात्यातल्या अधिकाऱ्यांचं त्रिकूट ठरलं. ५ मार्चला पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, निर्णयांत हा विषय १४४ वा म्हणून नोंदला गेला. चार पानांत एवढी एकच खाडाखोड ठळकपणे दिसते. माणसांच्या आकड्याला कुणी हात लावलेला नाही.

सहा जणांनी मान डोलावली, पण हुकूम राबवायला शेकडो लोक लागले आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा लहानसा तुकडा आला. मॉस्कोत फायली पाहून साधारण शंभर-शंभर नावांच्या याद्या टंकलिखित झाल्या. याद्यांवर मृत्यूचा उल्लेखही नसे. अमुक कैद्यांना एनकेव्हीडीच्या स्मोलेन्स्कच्या, खारकोव्हच्या किंवा कालिनिनच्या प्रमुखाकडे पाठवावं, एवढंच. छावणीचा अधिकारी सकाळी नावं पुकारी. रेल्वेने डबे दिले. पहारेकऱ्यांनी संख्या मोजून पावती घेतली. निघण्याआधी कोझेल्स्कमध्ये कैद्यांना विषमज्वराची लस टोचली होती. लस टोचल्याचे दाखलेही पुढे खड्ड्यांतल्या कपड्यांत मिळाले. ज्यांना मारायचं त्यांना लस कशाला, असा प्रश्न आपल्याला पडतो. ज्या डॉक्टरने टोचली त्याच्यापर्यंत बहुधा हुकूम पोचलाच नव्हता. कैद्यांना वाटलं, घरी पाठवताहेत. प्रवासाला पाव आणि खारवलेले मासे नव्या कोऱ्या कागदात गुंडाळून मिळाले, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. काही जनरल निघाले तेव्हा मागे राहिलेल्यांनी दुतर्फा उभं राहून त्यांना निरोप दिला.

३ एप्रिलपासून कोझेल्स्कच्या गाड्या सुटू लागल्या. त्या स्मोलेन्स्कजवळच्या ग्नेज्दोवो या लहानशा स्टेशनवर थांबत. विल्नोचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्तानिस्लाव्ह स्व्यानिएविच ३० एप्रिलच्या गाडीत होते. सगळ्यांना उतरवायला सुरुवात झाली आणि त्यांना एकट्यालाच वेगळ्या कप्प्यात डांबलं. मॉस्कोला त्यांची आणखी चौकशी करायची होती. वरच्या फळीवर चढून त्यांनी एका भोकातून बाहेर पाहिलं. काचांना चुना फासलेली एक बस मागे मागे येत डब्याच्या दाराला भिडली, म्हणजे जमिनीला पाय न लावताच कैदी थेट बसमध्ये शिरावेत. तीसेक माणसं घेऊन बस झाडांआड गेली, थोड्या वेळाने रिकामी परतली, पुन्हा भरली. माणसं इतक्या जवळ नेताहेत तर चालत का नेत नाहीत, एवढाच प्रश्न तेव्हा त्यांना पडला. त्या स्टेशनपर्यंत येऊन जिवंत राहिलेला हा बहुधा एकमेव साक्षीदार.

त्या बसच्या दुसऱ्या टोकाला काय होत होतं, याची एक नोंद मेजर आदाम सोल्स्की यांच्या रोजनिशीत आहे. तारीख ९ एप्रिल. कैद्यांच्या गाडीतून एका रानात आणलं, बारकाईने झडती घेतली, घड्याळ काढून घेतलं, लग्नाच्या अंगठीबद्दल विचारलं, रूबल, कमरेचा पट्टा आणि खिशातला चाकू घेतला. पुढे रोजनिशी कोरी आहे. कातिनच्या त्या जंगलात ४,४२१ जण मारले गेले, बहुतेक मानेच्या मागून एका गोळीने. त्यांत एक स्त्री होती, वैमानिक यानिना लेवांदोव्स्का. तिची बहीण अग्निएश्का दोनच महिन्यांनी वॉर्सोजवळच्या पाल्मिरीच्या रानात जर्मनांच्या गोळ्यांनी मेली. पोलंडचा शिकलेला वर्ग संपवण्याची जर्मनांची मोहीम तिकडे त्याच वसंतात चालू होती. एकाच घरातल्या दोघी बहिणी, दोन वेगळ्या सरकारांनी मारलेल्या.

कालिनिनमध्ये, म्हणजे आजच्या त्वेरमध्ये, काम शहराच्या मध्यवस्तीतल्या खात्याच्या इमारतीतच चाललं. तिथला तेव्हाचा प्रमुख द्मित्री तोकारेव्ह याने १९९१ मध्ये सरकारी वकिलांपुढे शांतपणे सगळं सांगितलं. मॉस्कोहून खात्याचा मुख्य जल्लाद वासिली ब्लोखिन आला, येताना जर्मन वॉल्थर पिस्तुलांनी भरलेली सूटकेस घेऊन. कामाला लागण्याआधी त्याने चामड्याची टोपी, लांब चामडी एप्रन आणि कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. ते पाहूनच आपण हादरलो, असं तोकारेव्ह म्हणतो. कैद्याला एका खोलीत नाव आणि जन्मसाल विचारायचं, मग शेजारच्या आवाज बाहेर न जाऊ देणाऱ्या कोठडीत न्यायचं. पहिल्या रात्री तीनशेच्या वर माणसं आणली, तर रात्र पुरेना, उजाडू लागलं. मग अडीचशेच्या आत पाठवा असं ठरलं. ओस्ताश्कोव्हच्या अशा ६,३११ माणसांची प्रेतं ट्रकने मेदनोये गावाजवळ नेऊन पुरली. खारकोव्हला स्तारोबेल्स्कचे ३,८२० आणि वेगवेगळ्या तुरुंगांत ७,३०५. तिन्ही छावण्यांतून फक्त ३९५ जण वाचले. ऑक्टोबरमध्ये बेरियाने १२५ कर्मचाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली : काहींना महिन्याचा पगार, काहींना ८०० रूबल.

गोळ्या घालायच्या हुकुमाला एक जोडहुकूम होता. कैद्यांच्या कुटुंबांना दहा वर्षांसाठी कझाकस्तानात पाठवायचं, असा तो हुकूम. ७ मार्चला बेरियाने त्याची तजवीज करायला सांगितलं आणि छावण्यांकडून नातेवाइकांची नावं, पत्ते मागवले. चौकशीत विचारलेला ‘घरी कोण असतं’ हा प्रश्न इथे उपयोगी पडला. १३ एप्रिलच्या रात्री, म्हणजे नवरे मारले जात असतानाच, बायका-मुलं-म्हाताऱ्यांना घरांतून उचलून मालगाड्यांत भरलं. साठ हजारांच्या आसपास माणसं स्तेपच्या उघड्यावर जाऊन पडली. नवऱ्याला धाडलेली पत्रं ‘इथून गेले’ असा शेरा घेऊन परत येऊ लागली.

जून १९४१ मध्ये हिटलर उलटला आणि स्टालिनला पोल लोकांची गरज पडली. ३० जुलैला लंडनमध्ये परागंदा असलेल्या पोलिश सरकारशी करार झाला, हद्दपार केलेल्यांना ‘माफी’ मिळाली (गुन्हा काय, हे विचारायचं नाही) आणि जनरल आंदेर्स सैन्य उभं करू लागले. शिपाई येत होते, अधिकारी येईनात. वाचलेल्यांपैकी एक चित्रकार युझेफ चाप्स्की यांनी बेपत्ता सहकाऱ्यांच्या याद्या करून दारोदार चौकशी केली. ३ डिसेंबरला क्रेमलिनमध्ये पंतप्रधान सिकोर्स्की आणि आंदेर्स यांनी थेट स्टालिनला विचारलं. पळून गेले असतील, तो म्हणाला. कुठे? मांचुरियात. ज्यांना मारायच्या हुकुमावर त्याने स्वतः सही केली होती, त्या माणसांबद्दल तो बोलत होता.

आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये हजारो बायका-मुलंही कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. तिथून सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८ तिथे पोलिश बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं. कातिनची बातमी जगभर झाली त्याच वर्षी ही छावणी वसली आणि नवऱ्याचं, बापाचं नाव त्या यादीत आहे का याची धास्ती घेऊन काही कुटुंबं पंचगंगेच्या खोऱ्यात राहिली. पुढे त्याच बराकींत फाळणीने घरदार गमावलेले सिंधी लोक आले. आज कोल्हापूरकर कापडखरेदीला जातात ते गांधीनगर हेच.

१३ एप्रिल १९४३ ला बर्लिन रेडिओने कातिनचे खड्डे सापडल्याचं जाहीर केलं. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला आयतं कोलीत मिळालं होतं. मॉस्कोने लगेच उलटा आरोप केला : १९४१ मध्ये जर्मनांनीच मारलं. अडचण एवढीच होती की प्रेतांच्या अंगावर थंडीचे कोट होते आणि खिशांतली पत्रं-वर्तमानपत्रं १९४० च्या वसंतापुढे जात नव्हती. गोबेल्सचीही एक अडचण होती : काडतुसं जर्मन बनावटीची निघाली, ती युद्धाआधी निर्यात झालेली होती. पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टालिनने २५ एप्रिलला त्या सरकारशी संबंधच तोडले. युद्धानंतरच्या पोलंडच्या सत्तेची दिशा इथेच ठरली. लंडन आणि वॉशिंग्टनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हिटलरशी लढणाऱ्या मित्राला दुखवायचं कसं? न्यूरेम्बर्गच्या खटल्यात रशियाने हा गुन्हा जर्मनांच्या माथी मारण्याचा प्रयत्न केला, दोन्हीकडचे तीन-तीन साक्षीदार झाले आणि निकालात कातिनचा शब्दही आला नाही. कम्युनिस्ट पोलंडमध्ये तर वडील कधी आणि कुणाच्या हातून मेले, हे खरं सांगणं धोक्याचं होतं.

कागद मात्र तिजोरीत होता. मार्च १९५९ मध्ये केजीबीचा प्रमुख शेलेपिन याने ख्रुश्चेव्हला हाताने लिहिलेलं टिपण पाठवलं. २१,८५७ हा आकडा आपल्याला मिळतो तो त्यातूनच. या वैयक्तिक फायलींचा आता काही उपयोग नाही, उलट चुकून बोभाटा झाला तर सरकार अडचणीत येईल, तेव्हा त्या नष्ट कराव्यात आणि त्रिकुटाची इतिवृत्तं तेवढी ठेवावीत, असं त्याने सुचवलं. मूळ हुकूम ‘पाकीट क्रमांक १’ मध्ये बंद राहिला आणि एका नेत्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला. नोकरशाही फायली नष्ट करायला तयार होते, वरच्याच्या सहीचा कागद सहसा फाडत नाही. खालच्यांना तोच तर पाठीशी घालतो.

१३ एप्रिल १९९० ला गोर्बाचेव्ह यांनी अपराध कबूल केला, पण दोष बेरिया आणि मेर्कुलोव्ह यांच्यावर टाकून. नताल्या लेबेदेवा यांच्यासारख्या रशियन इतिहासकारांनी पहारेकऱ्यांच्या वाहतूक नोंदींवरून माग काढला होता, आता गप्प बसणं शक्य नव्हतं. १४ ऑक्टोबर १९९२ ला रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांचे दूत पिखोया यांनी वॉर्सोत पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा यांच्या हाती त्या चार पानांची प्रत ठेवली. स्टालिनची सही त्या दिवशी पहिल्यांदा उघड्यावर आली. नोव्हेंबर २०१० मध्ये रशियन संसदेनेही ठरावाने मान्य केलं की हत्याकांड स्टालिनच्या थेट आदेशाने झालं. त्या आधीच्या एप्रिलमध्ये सत्तराव्या स्मृतिदिनासाठी निघालेलं पोलिश राष्ट्राध्यक्षांचं विमान स्मोलेन्स्कजवळ कोसळून ९६ जण गेले होते. लष्करी सरकारी वकिलांनी १९९० पासून चालवलेला तपास २००४ मध्ये बंद झाला तो कुणावरही खटला न भरता, आणि त्याचे बरेचसे खंड गोपनीय ठरवले गेले.

त्वेरमधली ती इमारत आता वैद्यकीय विद्यापीठाची आहे. भिंतीवर मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ दोन फलक होते. मे २०२० मध्ये ते काढून टाकले गेले. स्थानिक सरकारी वकिलांचं म्हणणं असं की, या इमारतीत या लोकांना मारल्याचा कागदोपत्री पुरावा नाही. तोकारेव्हची जबानी उपलब्ध आहे, वाहतुकीच्या याद्या आहेत, चार पानांचा हुकूम आहे. शेलेपिनने नष्ट करायला सांगितलेल्या फायली मात्र कुणी पुढे आणलेल्या नाहीत.